बारोंगच्या मागच्या पायांचं वजन

गेल्या कुनिंगानच्या सणाला आमचा बारोंग भर रस्त्यात बसला आणि काही केल्या उठेना.

बारोंग म्हणजे आमच्या बांजारचा, आमच्या वस्तीचा, राखणदार देव. सोनेरी मुखवटा, अंगावर पांढऱ्या केसांचं जाड कातडं, शेपटीला आरसे. आत दोन माणसं असतात. पुढचा मुखवटा धरतो, जबडा खटखट वाजवतो आणि लोकांचे नमस्कार घेतो. मागचा कमरेत वाकून देवाचं ढुंगण सांभाळतो आणि दिवसभर पुढच्याच्या पाठीकडे बघत चालतो. पुढचे पाय म्हणजे माझा धाकटा मुलगा सुतेजा. मागचे पाय म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचा लोद्रा, त्याच्या आधी त्याचा बाप.

तर बारोंग बसला तो नेमका क्लियानच्या दारात. क्लियान म्हणजे बांजारचा प्रमुख. धंदा डुकरांचा, त्यामुळे माणूस समोर आला तरी आधी त्याच्या पुठ्ठ्यांकडे बघतो. देव आपल्या दारात बसला म्हटल्यावर त्याचा चेहरा भातासारखा पांढरा पडला. लोकांनी तिथंच गुडघे टेकले. वाजंत्रीवाल्यांना थांबावं की नाही कळेना, म्हणून ते तीच एक ओळ पुन्हापुन्हा वाजवत बसले. देवळाचे पुजारी जेरो मांग्कू यांनी तीर्थ शिंपडलं. कुणी म्हणालं, देव रागावलाय. कुणी म्हणालं, या घराखाली काहीतरी पुरलंय. क्लियानची बायको धावत जाऊन भाजलेली कोंबडी घेऊन आली. देवानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा क्लियाननं हात जोडून सगळ्यांसमोर कबूल केलं, की घरातल्या पितरांच्या देव्हाऱ्यावर यंदा नवं छप्पर घालीन.

मी शेपटीजवळ उभी होते. मला कातड्याच्या आतलं ऐकू येत होतं.

"ऊठ रे रेड्या!"

"नाही उठवत, सुते. पाय गेले."

"अरे, लोक हात जोडून बसलेत!"

"मग जोडू दे की थोडा वेळ. मला तेवढाच दम घेता येईल."

दम घेऊन झाला आणि देव उठला. लोकांनी आनंदानं आरोळी ठोकली. क्लियानला खरी गोष्ट कळली ती आठ दिवसांनी, तोवर छपराचं गवत येऊन पडलं होतं. मग काय! सभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "पुढच्या गलुंगानच्या सणाला सहा महिने आहेत. तोवर लोद्रा पंच्याण्णव किलोच्या खाली आला तर मागचे पाय त्याचे. नाही आला तर दर्माचे."

दर्मा हा क्लियानचा पुतण्या. खालच्या गावात एका हॉटेलात पाहुण्यांना व्यायाम शिकवतो. दंड असे, की सदऱ्याच्या बाह्या कायम घाबरलेल्या. सभेत एकानं विचारलं, "आणि लोद्रा आत्ता किती आहे?" ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या बायकोनं, सुकर्तीनं, बाजारातून वजनाचा काचेचा काटा आणला होता, तो त्यानं पहिल्याच दिवशी तडकवला होता. मग क्लियानच्या अंगणातल्या आंब्याला डुकरं जोखायचा ताणकाटा टांगला, त्याला डुकरं न्यायची बांबूची करंडी अडकवली आणि लोद्राला आत बसवलं. एकशे चार.

"डुक्कर असतास," क्लियान हळहळला, "तर तुला सणापर्यंत हात लावला नसता."

लोद्रा रस्त्याच्या कडेला टायरांची पंक्चरं काढतो. बारकं स्टूल, पाण्याची परात आणि हवेचा पंप, एवढं त्याचं राज्य. दिवसभर बसून काम. स्वभावानं इतका गरीब, की खिळासुद्धा टायरमधून हळूच काढतो, खिळ्याला लागेल म्हणून. पण त्या दिवसापासून तो हट्टाला पेटला. पहाटे उठून खाचरांच्या बांधावरून पळायला लागला. त्याच्या पुढं बदकं पळायची आणि मागं कुत्री. बदकं दर फेरीला जिंकायची. दर शुक्रवारी बांजारच्या मांडवात बायकांची कवायत असते, तिथंही तो जायला लागला. एवढ्या बायकांत एकटा पुरुष. शेवटच्या रांगेत उभा राहायचा. मागं राहायची सवयच त्याला. वाजप सुरू झालं की सगळ्या बायका डावीकडं जायच्या आणि लोद्रा उजवीकडं. मधे सापडायचे मी.

खाणंही कमी केलं. भात बंद. तळण बंद. रताळ्याचा उकडलेला पाला, टोफूचे दोन तुकडे, आणि सुकर्ती वाटून द्यायची ते कडू पाण्यासारखं औषध. ते पिताना तो डोळे मिटायचा आणि प्यायल्यावर बराच वेळ उघडायचा नाही.

महिन्याभरानं पुन्हा करंडीत बसला. एकशे साडेतीन.

"अर्धा किलो?" सुतेजा म्हणाला. "आणि आज तू दाढीही करून आलायस."

दुसऱ्या महिन्यात तेच. पळणं तेच, पाला तोच, काटाही तिथंच. सुकर्ती रडकुंडीला आली. वस्तीत सगळे मला दादोंग, म्हणजे आजी, म्हणतात. "दादोंग," ती मला म्हणाली, "घरात तर मीच वाढते. चिमणीएवढं खातात. मग हे येतं कुठून?"

मधल्या काळात दर्माची तालीम झाली. आत शिरला, वाकला, आणि बारोंग चालायला लागला टेबलासारखा. चार पाय होते खरे, पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पोरं हसून लोळली. क्लियान मात्र म्हणाला, "टेबल तर टेबल. टेबल कुणाच्या दारात बसत तरी नाही."

लोद्रानं हे लांबून बघितलं. संध्याकाळी मी त्याच्या दुकानाशी थांबले, तर तो पंपाच्या नळीला गाठी मारत आणि सोडत बसलेला.

"दर्मा चांगला पोरगा आहे हो, दादोंग," तो म्हणाला. "पण सुतेजा वळायच्या आधी त्याचा डावा खांदा हलतो, ते त्याला ठाऊक नाही. मला बापानं शिकवलं. पुढच्याची पाठ वाचायची." मग म्हणाला, "मागच्याला कुणी बघत नाही, खरंय. पण मी त्या कातड्याच्या आत असतो तेव्हा देवाचा अर्धा असतो. बाहेर आलो की नुसता रस्त्यावरचा जाड्या. ते अर्धंही गेलं, तर काय राहिलं?"

मी त्याच्या सायकलीच्या टायरवर उगीच हात फिरवला आणि घरी आले.

हे कोडं सुटलं ते देवळाच्या वाढदिवसाला. पूजा झाली, देवाला दाखवलेली ताटं आणि फळांचे मनोरे घेऊन बायका घरी निघाल्या. मी चाफ्याखाली सावलीला गेले, तर झाडामागं लोद्रा मांडी घालून बसलेला. पुढ्यात केळीच्या पानावर कोंबडीचा पाय, दोन उकडलेली अंडी, गुळखोबरं घातलेल्या तांदळाच्या वड्या आणि केळ्यांचा अर्धा घड.

"लोद्रा! हे काय?"

"प्रसाद, दादोंग. बसा ना. घ्या."

"आणि तुझं पथ्य?"

"ते चालूच आहे. सकाळपासून अन्नाचा कण पोटात नाही."

"मग ही तंगडी कुठं चाललीय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, लहान मुलाकडे बघावं तसं, मायेनं. "अहो, याचं सत्त्व देवानं खाल्लंय. आता उरलाय तो चोथा. उसाचा चोथा चघळून कधी कुणी जाडं झालंय का?"

सत्त्व देव घेतो, उरलेलं आपण घेतो, हे आम्ही आईच्या पोटातून शिकून आलोय. फक्त त्यावरून कुणी आजवर पथ्य बांधलं नव्हतं. मी तिथंच बसून आठवायला लागले. पौर्णिमेचा प्रसाद. अमावास्येचा. झाडांच्या सणाचा, हत्यारांच्या सणाचा. कुणाच्या बाळाला तीन महिने झाले त्याचा, कुणाची पोर वयात आली म्हणून तिचे दात कानशीनं घासून सपाट केले त्याचा, कुणी नवी मोटारसायकल घेतली तिचा. आमच्याकडे दोन सणांमधे एक दिवस मोकळा सापडला, तर आम्हाला चुकल्यासारखं होतं. आणि लोद्रा तर स्वभावानं गरीब. कुणी हातात दिलं की नाही म्हणत नाही. म्हणजे हा माणूस आठवड्याचे सातही दिवस चिमणीएवढं जेवत होता आणि त्यातले चार दिवस हत्तीएवढा चोथा खात होता.

मी सुतेजाला सांगितलं. सुतेजानं क्लियानला सांगितलं. क्लियान म्हणाला, "यात वाद कसला? माझ्याकडे काटा आहे ना."

पुढच्या पौर्णिमेला तो ताणकाटा खांद्यावर टाकून देवळाच्या दारात हजर. सगळं बांजार गोळा झालं. जेरो मांग्कूंचा पारा चढला. "देवाला काट्यावर घालताय?"

"देवाला नाही, जेरो," क्लियान नम्रपणे म्हणाला. "फळांना."

क्लियानच्या बायकोचा मनोरा सगळ्यात देखणा होता: खाली केळी, वर सफरचंदं, मग सापाच्या कातडीसारख्या सालीची सालाक फळं, तांदळाच्या रंगीत चकत्या, आणि माथ्यावर अख्खी कोंबडी. तो करंडीत ठेवला. अकरा किलो, काटा अगदी आकड्यावर. मग आत नेला. मंत्र झाले, घंटा झाली, उदबत्त्या जळून संपेपर्यंत सगळे गप्प बसलो. देवाला जेवायला पुरेसा वेळ दिला, घाई केली नाही. नंतर मनोरा बाहेर आणून पुन्हा करंडीत ठेवला.

क्लियाननं डोळे बारीक केले. काट्यावर टिचकी मारली. "वाढलंय," तो म्हणाला.

"काय?"

"अकराच्या वर गेलंय. थोडंसंच. पण गेलंय."

अंगणात असा सन्नाटा पसरला, की कुत्रीही बसली. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "देवानं खायच्या ऐवजी उलट काही ठेवलं की काय?" आणि क्लियानची बायको एकदम मुसमुसायला लागली, "माझ्या हातचं गोड नाही लागलं त्याला!"

"पाणी!" जेरो मांग्कू ओरडले. "अरे, मी तीर्थ शिंपडलं ना त्याच्यावर! ओलं झालंय ते!"

लोकांनी श्वास सोडला. पण क्लियान व्यापारी माणूस, त्याचं समाधान कुठं होतंय? "पाण्याचं कळलं, जेरो. पण मग देवानं खाल्लं काय?"

जेरो मांग्कूंनी आपल्या कानामागचं चाफ्याचं फूल काढलं आणि त्याच्या नाकाखाली धरलं. "घे वास. घेतलास? आता फूल हलकं झालं का?"

"नाही."

"वास तुला मिळाला?"

"मिळाला."

"झालं तर मग. देव तेवढंच घेतात. वजन तुमच्यासाठी ठेवतात. वजन घेऊन त्यांना काय करायचंय?"

क्लियानच्या बायकोनं डोळे पुसले. सगळ्यांचं समाधान झालं. एकट्या लोद्राचं सोडून. तो हातात अर्धं सोललेलं केळं घेऊन तसाच उभा होता.

"म्हणजे जेरो," तो हळूच म्हणाला, "झाडांच्या सणाचासुद्धा?"

"सुद्धा."

"दात घासल्याचा?"

"तोही."

"हत्यारांच्या सणाला मी माझ्या पंपाला नैवेद्य दाखवला होता. पंपाचासुद्धा?"

"पंप तर लोखंडाचा, लेका. तो काय खाणार? सगळा तूच खाल्लास!"

असं हसू उसळलं, की देवळाच्या भिंतीवरची कबुतरं उडाली. लोद्रा खाली बसला. सुकर्ती हसली नाही. कमरेवर हात ठेवून ती नवऱ्यासमोर उभी राहिली. आमच्याकडे नवऱ्यालाही ब्ली, म्हणजे दादा, म्हणतात. "ब्ली, उद्यापासून प्रसाद बंद!"

आता हसू थांबलं. देवाचा प्रसाद नाकारायचा? म्हाताऱ्यांनी तोंडावर हात ठेवले. नाकारला तर देवाचा अपमान, आणि देणाऱ्या घराचा त्याहून मोठा. देव तरी विसरेल, घर विसरत नाही. खाल्ला तर मागचे पाय दर्माचे. लोद्रा एकदा बायकोकडे बघतो, एकदा पुजाऱ्याकडे, एकदा केळ्याकडे.

जेरो मांग्कूंनी बराच विचार केला. मग म्हणाले, "नाकारू नको. कपाळाला लावायचा, एक घास खायचा. उरलेला करंडीत घालायचा आणि ज्यांना देवळात येता येत नाही त्यांच्या घरी नेऊन द्यायचा. पायी."

ज्यांना येता येत नाही ती माणसं बहुतेक ओढ्याच्या पलीकडे राहतात. मधे खोल घळ आहे. उतरायला शेवाळलेल्या पायऱ्या आणि चढायला तेवढ्याच. म्हणूनच तर त्यांना येता येत नाही.

पहिल्या खेपेला करंडी भरून गेली आणि पलीकडे पोचली ती निम्मी. लोद्रा म्हणाला, पायरीवर सांडलं. सुकर्तीनं त्याच्या ओठांवरचा गूळ बघितला आणि दुसऱ्या खेपेपासून करंडीवर फडकं टाकून अशी गाठ मारायला लागली, की ती सोडायला पलीकडच्या घरातल्या दोन सुना लागायच्या. त्या सुना गाठीवरूनच सुकर्तीला निरोप धाडायच्या: आज गाठ शाबूत. आज गाठीला दात लागलेले दिसतात.

तरी काटा हलेना! लोक म्हणतील, चूक सापडली की वजन भराभर उतरतं. तसं काही नसतं. अंगावर बसलेलं मांस पाहुण्यासारखं असतं, निघतो निघतो म्हणतं आणि दारात उभं राहून बोलत बसतं. महिना गेला, दीड किलो. पुढं पंधरा दिवस काहीच नाही. एका सकाळी बदकं एकटीच पळताना दिसली. मी लोद्राच्या घरी गेले, तर तो पायरीवर बसलेला.

"नाही होत, दादोंग. माझं शरीर दगडाचं आहे."

"करंडी कुठंय?"

"आत. सुकर्ती घेऊन जाईल."

आतून सुकर्तीचा आवाज आला, "सुकर्ती जाणार नाही! सुकर्तीला कुणाचे पाय व्हायचं नाहीये!"

तो कुरकुरत उठला आणि गेला. परत आला तेव्हा मात्र चेहरा वेगळा. पलीकडे एक आंधळी म्हातारी आहे, तिनं करंडी घेता घेता त्याला विचारलं होतं, "आज कोण आलंय?"

"मीच की, लोद्रा."

"खोटं. लोद्रा खालच्या कट्ट्यावर थांबतो, तिथून भात्यासारखा आवाज येतो, मग वरच्या कट्ट्यावर थांबतो. तू तर सरळ वर आलास."

काट्याला जे दिसत नव्हतं ते तिला ऐकू आलं होतं. लोद्रानं हे मला पाच वेळा सांगितलं. त्यानंतर तो कुणी न सांगता जायला लागला. प्रसाद नसेल त्या दिवशी नुसती रिकामी करंडी घेऊन. वजन मग कुरकुरत का होईना, पण उतरायला लागलं.

गलुंगानच्या आदल्या दिवशी घराघरात डुकरं कापतात. सकाळपासून क्लियानच्या अंगणात वजनाची रांग लागली होती. लोद्राला वेगळा मान नव्हता. एक काळं डुक्कर पुढं, एक ठिपक्यांचं मागं आणि मधे लोद्रा, स्वच्छ धोतर नेसून, केस विंचरून. मागचं डुक्कर त्याच्या पोटऱ्या हुंगत होतं. सुकर्ती माझा दंड धरून उभी होती. तिची नखं अजून माझ्या दंडावर आहेत. दर्माही आला होता. तो लोद्राइतकाच घामाघूम होता.

"पुढचं!" क्लियान ओरडला. मग वर बघून म्हणाला, "अरे, तू होय. बस."

करंडी उचलली. काटा डुलला, वर गेला, खाली आला. चौऱ्याण्णव, आणि वर बोटभर.

क्लियाननं काट्यावर टिचकी मारली. विश्वास बसेना म्हणून लोद्राला उतरवून तांदळाचं पोतं टांगलं, पोत्याचं वजन बरोबर आलं, पुन्हा लोद्राला टांगलं. तेच. मग तो गड्यांना म्हणाला, "उतरवा. हा विकायचा नाहीये."

सुकर्ती मला मिठी मारून रडली. दर्मा तर धावत जाऊन लोद्राच्या गळ्यात पडला. "ब्ली, सुटलो! मला त्या कातड्यात श्वासच येत नव्हता. काकांना सांगायची हिंमत नव्हती." आणि त्यानं स्वतःहून बारोंगवरची छत्री धरायचं काम मागून घेतलं.

सणाला बारोंग निघाला, आणि काय नाचला! सुतेजाचा खांदा हलायच्या आत मागचे पाय वळलेले. एका दारात दोन्ही पाय हवेत उडवले तेव्हा वाजंत्रीवाल्यांची लय चुकली, त्यांना अशी सवयच राहिली नव्हती. ओढ्याच्या पलीकडेही गेला, कित्येक वर्षांनी. क्लियान हात जोडून उभा होता आणि या खेपेला त्याला कसलंही भय नव्हतं.

पण देवळाच्या चौकात परत आल्यावर बायकांमधे कुजबूज सुरू झाली. त्याचं असं झालं होतं. वर्षावर्षाला लोद्रा जसा रुंदावत गेला, तशी बारोंगच्या मागच्या भागातली वेताची कडी दर खेपेला थोडी सैल करत आणली होती. आता आतला माणूस आटला आणि कातडं तेवढंच राहिलं. देवाचं ढुंगण घड्याघड्यांनी लोंबत होतं.

"बाई गं," क्लियानची बायको छातीवर हात ठेवून म्हणाली, "आपला बारोंग वाळला!"

"फासळ्या दिसायला लागल्या की गं."

"आपणच उपाशी ठेवला त्याला. काट्यावर घालायची अवदसा आठवली ना!"

सुतेजानं मुखवटा उतरवून त्यांना समजावलं, की वाळला तो लोद्रा, देव नाही. वेत आवळला की झालं. कुणी ऐकून घेतलं नाही. "मागच्या माणसामुळं देव वाळतो का कधी? तू गप्प बस," म्हणाल्या. जेरो मांग्कूंनी तर तोंडच उघडलं नाही. त्यांनी आयुष्यात एवढ्या बायकांशी एकदम वाद घातलेला नाही. तिथल्या तिथं ठरलं, की यापुढं दर पौर्णिमेला प्रत्येक घरानं दुप्पट नैवेद्य करायचा.

त्याप्रमाणं गेल्या पौर्णिमेला मनोरे आले. एकेक एवढा उंच, की देवळाच्या दारातून बायकांना डोक्यावरच्या मनोऱ्यासकट गुडघ्यांत वाकून आत यावं लागलं. पूजा झाली. प्रसाद उतरवला. वड्यांच्या राशी, कोंबड्यांची रांग, केळ्यांचा ढीग. सगळ्या जणी हसतमुखानं लोद्राकडे वळल्या आणि एकीनं सगळ्यात मोठी तंगडी त्याच्या पुढ्यात धरली.

लोद्रानं ती कपाळाला लावली. एक घास खाल्ला, डोळे मिटून, सावकाश. मग डोक्याला रुमाल बांधला, करंड्यांकडे बघितलं. एक, दोन, तीन, पुढं मोजलं नाही त्यानं. कावड खांद्यावर घेतली आणि क्लियानच्या बायकोला, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं, विचारलं, "म्बोक, आधी कुणाच्या घरी जाऊ?"